विकत घेतलेला जॉब

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाने एकदा तरी हातात कानस धरलेली असते. मग तो पुढे कॉम्प्युटरला जावो, सिव्हिलला जावो, नाहीतर सगळं सोडून बँकेच्या परीक्षा देवो. अंगात एप्रन, वाईसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा आणि दोन तास नुसतं खर्र खर्र. ह्याला म्हणायचं फिटिंग शॉप. आणि तिथे करायचा तो सुप्रसिद्ध 'मेल-फीमेल जॉब'. दोन पट्ट्या, एकीला जीभ, दुसरीला खाच, आणि दोन्ही एकमेकींत अशा बसल्या पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये.

माझ्या जॉबमधून उजेडच काय, समोरचं कँटीन दिसत होतं.

सबमिशन दोन दिवसांवर आलं तेव्हा मी आमच्या कॉलेजात पिढ्यानपिढ्या चालत आलेला मार्ग धरला. एका सीनियरला १५० रुपये दिले आणि बाहेरच्या वर्कशॉपमधून करून आणलेला तयार जॉब घेतला. त्यावर माझा रोल नंबर पंच केला, पूर्ण मार्क मिळवले, आणि टर्म संपल्यावर परत मिळालेला तो जॉब मोठ्या दिमाखात कोल्हापूरला घरी घेऊन गेलो.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. माझे वडील फिटर आहेत. आयटीआय केलेले. गेली पस्तीस वर्षं उद्यमनगरात मशीनशॉपमध्ये काम करतायत. बाबांनी तो जॉब हातात घेतला, खिडकीकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला. मग आतून गुण्या आणून लावून बघितला.

"कुणी केलाय?"

"मीच की."

"पहिल्या वर्षाच्या पोराची कानस डुलती. दोन्ही कडा उतरतात आन् मधी फुगवटा राहतो. ह्यात फुगवटा न्हाई. हात बसलेल्या माणसाचं काम हाय हे."

बस्स. जॉब टेबलावर ठेवला आणि चहा घ्यायला उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ही गोष्ट मी दहा वर्षं सोयीस्करपणे विसरलो होतो. मागच्या वर्षी ऑफिसात नव्या बारा मुलामुलींचं ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलं. मी त्यांना सहा आठवड्यांचा एक प्रोजेक्ट दिला, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. पुस्तक द्या, पुस्तक परत घ्या, दंड मोजा. शेवटी बारा प्रोजेक्ट आले आणि त्यातल्या नऊंमध्ये दंड मोजायच्या फंक्शनमध्ये एकच चूक, त्याच ओळीवर, त्याच नावाच्या व्हेरिएबलसकट. मला हसू आलं आणि लगेच ते १५० रुपये आठवले.

मग दोन-तीन वीकेंड मी एकाच प्रश्नामागे घालवले. हे वर्कशॉप, हे 'जॉब' आपल्या अभ्यासक्रमात आले कुठून? कुणाच्या डोक्यातून निघाले? उत्तर शोधत गेलो आणि पोचलो थेट मॉस्कोला.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. हातातलं कसब शिकायची जुनी पद्धत जगभर साधारण एकच होती. उस्तादाकडे पोऱ्या म्हणून लागायचं. पहिले काही महिने झाडू मारायचा, चहा आणायचा, भाता ओढायचा. मग हळूहळू हत्यार हातात पडायचं. ह्या पद्धतीने शिकलेली माणसं पक्की व्हायची, ह्यात वाद नाही. पण तिच्यात तीन अडचणी होत्या. एक, उस्तादाकडे जे काम येईल तेच शिकायला मिळणार. वर्षभर बिजागऱ्यांच्याच ऑर्डरी आल्या तर वर्षभर बिजागऱ्या. दोन, उस्तादाचं लक्ष मालावर असणार, पोऱ्यावर नाही. आणि तीन, एक उस्ताद फार तर दोन-चार जणांना तयार करणार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेल्वे आली, गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली. आता हवे होते शेकड्यांनी इंजिनिअर आणि फोरमन, आणि पोऱ्या-उस्ताद पद्धत तेवढी माणसं पुरवू शकत नव्हती.

मॉस्कोत एक अनाथालय होतं. तिथल्या मोठ्या मुलांना काहीतरी हुन्नर शिकवावा म्हणून १८२६ मध्ये सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना हिने कार्यशाळा काढायचं फर्मान काढलं आणि १८३० मध्ये झार निकोलस पहिला याने त्या शाळेच्या नियमावलीला मंजुरी दिली. म्हणजे सुरुवात झाली ती अनाथ पोरांना पोटापाण्याचं शिकवण्यासाठी. तीच शाळा वाढत वाढत १८६८ मध्ये इम्पीरियल मॉस्को टेक्निकल स्कूल झाली. आज ती बाउमन विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. विमानशास्त्राचा पाया घालणारे झुकोव्हस्की तिथे शिकवायचे आणि विमानं बनवणारा तुपोलेव तिथेच शिकला.

ह्या शाळेचा संचालक होता व्हिक्टर डेला-व्होस. नाव रशियन वाटत नाही, पण माणूस रशियनच. त्याच्या हाताखाली वर्कशॉप सांभाळणारा दिमित्री सोवेत्किन. ह्या दोघांपुढचा प्रश्न साधा होता. आपल्याला इंजिनिअर घडवायचे आहेत, त्यांना यंत्रकाम हातानेही आलं पाहिजे, पण कारखान्याच्या धबडग्यात नवशिक्या पोराला उभं केलं तर तो शिकणार काय? तिथे ऑर्डरची घाई असते. पोरगं मध्ये लुडबुडतं, माल खराब करतं, म्हणून त्याला एका कोपऱ्यात एकच काम देऊन बसवतात.

डेला-व्होसचं उत्तर असं. शिकायचं वर्कशॉप वेगळं आणि माल बनवायचं वर्कशॉप वेगळं. आधी पहिल्यात शिका, मग दुसऱ्यात जा.

पहिल्या वर्कशॉपची रचना वाचताना मला एखाद्या चांगल्या डिझाइन डॉक्युमेंटची आठवण झाली. सुतारकाम, लाकडाचं कातकाम, लोहारकाम आणि फिटिंग, प्रत्येकाला स्वतंत्र शाळा. जेवढे विद्यार्थी तेवढे वाईस आणि तेवढेच हत्यारांचे संच, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहायला नको. पूर्ण वस्तू बनवायला द्यायचीच नाही. आधी त्या कामाचे मूळ तुकडे पाडायचे. फिटरचं काम म्हणजे शेवटी काय काय? छिन्नीने तोडणं, कानशीने सपाट करणं, काटकोन आणणं, भोक पाडणं, आटे पाडणं, दोन भाग एकमेकांत बसवणं. हे तुकडे सोप्यापासून अवघडापर्यंत ओळीने लावायचे आणि प्रत्येकाचा एक नमुना ठरवायचा. विद्यार्थ्याने तो ड्रॉइंगवरून करायचा. एक नमुना मास्तरांच्या पसंतीला उतरल्याशिवाय पुढचा हातात मिळणार नाही. आणि मास्तरांनीही आपला हात सतत चालता ठेवायचा, कारण पोरांसमोर करून दाखवायचं काम त्यांचं.

आपला मेल-फीमेल जॉब ह्याच कल्पनेच्या घराण्यातला. मी ज्याला दोन तासांची कटकट समजत होतो, ती मुळात मुद्दाम निवडलेली एक पायरी होती. सपाट घासणं, काटकोन काढणं, माप राखणं हे सगळं आलं तरच ती जीभ खाचेत बसते. नाही आलं तर उजेड दिसतो. एका नजरेत पास-नापास. युनिट टेस्टच म्हणा ना!

डेला-व्होस ह्यासाठी संगीताचा आणि चित्रकलेचा दाखला द्यायचा. कुठलीही कला शिकताना पहिली पावलं क्रमानेच टाकावी लागतात, मग हत्यारांच्या कलेला वेगळा न्याय कशाला, असा त्याचा मुद्दा. आपल्याकडे पेटी शिकायला बसलेल्याला कुणी पहिल्या दिवशी नाट्यपद देत नाही. आधी सारेगम, मग अलंकार. ह्या माणसाने लोखंडाचे अलंकार बसवले, एवढंच. आणि फायदा काय, तर एक मास्तर एकाच वेळी अख्ख्या वर्गाला शिकवू शकतो. पोऱ्या-उस्ताद पद्धतीची सगळ्यात मोठी अडचण सुटली.

ही नमुन्यांची मालिका १८७२ मध्ये मॉस्कोच्या आणि १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात मांडली गेली. पण तिचं नशीब उघडलं ते १८७६ मध्ये अमेरिकेत.

त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. १० मे ते १० नोव्हेंबर, सहा महिने. जवळपास एक कोटी लोक येऊन गेले. लोक बघायला यायचे ते कॉर्लिसचं अवाढव्य वाफेचं इंजिन. ग्रॅहॅम बेलचा टेलिफोनही तिथेच लोकांनी पहिल्यांदा ऐकला. अशा जत्रेत रशियाच्या विभागात लाकडाचे आणि लोखंडाचे छोटे छोटे तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. कोण थांबणार तिथे?

एक माणूस थांबला. जॉन रंकल. हा गणिताचा प्राध्यापक आणि तेव्हा एमआयटीचा अध्यक्ष. एमआयटी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते तेव्हा नव्हतं. वर्ग सुरू होऊन जेमतेम अकरा वर्षं झालेली, पैशाची ओढाताण, आणि तिथली पोरं गणितात हुशार पण हत्याराशी ओळख नाही. कारखानदार म्हणायचे, तुमचे पदवीधर आमच्या काय कामाचे? (हे वाक्य १५० वर्षांत बदललेलं नाही.) रंकलने ते तुकडे बघितले आणि आपल्याला हवी ती किल्ली हीच, हे त्याच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. परत येऊन त्याने त्याच ऑगस्टमध्ये संस्थेपुढे अहवाल ठेवला आणि एमआयटीत हत्यारकामाची शाळा निघाली.

दुसरा माणूस सेंट लुईसचा. केल्विन वुडवर्ड, हाही गणिताचाच प्राध्यापक. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र समजावं म्हणून लाकडाची मॉडेल्स करायला सांगितली, तर पोरांना साधी हत्यारं चालवता येईनात. मग आधी ते शिकवणं आलं. त्यातून १८८० मध्ये त्याने मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम. रोज दोन तास वर्कशॉप, एक तास ड्रॉइंग आणि बाकीचा वेळ गणित, विज्ञान, भाषा. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेत गावोगावी अशा शाळा निघाल्या.

इथपर्यंत ही यशोगाथा आहे. मीही वाचताना खूश होत होतो. मग एक गोष्ट खटकली.

मॉस्कोची शाळा म्हणजे दोन वर्कशॉप होती. नमुने करून झाले की विद्यार्थी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जायचा, आणि तो खराखुरा कारखाना होता. तिथे पगारी कामगार होते, बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेतल्या जायच्या, वाफेची इंजिनं, पंप, शेतीची यंत्रं बनायची आणि विकली जायची. तिथे चूक झाली तर कुणीतरी पंप परत घेऊन दारात उभा राहणार. नमुन्यांची मालिका ही त्या कारखान्यात पाय ठेवण्याआधीची तयारी होती. तयारी. शेवट नव्हे.

अमेरिकेने पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला. कारण समजण्यासारखं आहे. पहिला भाग टाइमटेबलात बसतो. एक हॉल, वीस-तीस वाईस, एक मास्तर, दोन तासांचा तास. दुसऱ्या भागाला कारखाना लागतो, गिऱ्हाईक लागतं, नुकसान सोसावं लागतं. शिवाय वुडवर्डचं म्हणणं तत्त्वाचंही होतं. मुलाला एक गोष्ट नीट करता आली की शिकणं संपलं. तीच गोष्ट विकण्यासाठी पन्नास वेळा करायला लावली तर ती मजुरी झाली. एकदा का शाळेने बाजारासाठी माल बनवायला घेतला, की मास्तरांचं लक्ष मालावर जाणार, मुलावरून उडणार. पोऱ्या-उस्ताद पद्धतीचा जुनाच रोग.

ह्याच्या अगदी उलट टोकाला वूस्टरची संस्था होती, मॅसॅच्युसेट्समध्येच, एमआयटीच्या शेजारी म्हणावी अशी. तिथे १८६८ पासून वॉशबर्न शॉप्स नावाचा कारखाना कॉलेजातच होता. विद्यार्थी कसलेल्या कारागिरांबरोबर काम करायचे आणि माल बाजारात जायचा. ड्रॉइंगची टेबलं, यंत्रं, पुढे हायड्रॉलिक लिफ्टसुद्धा. त्याचा पहिला प्रमुख मिल्टन हिगिन्स. हाच माणूस १८८५ मध्ये नॉर्टन कंपनीच्या संस्थापकांत होता. नॉर्टनचं ग्राइंडिंग व्हील! बाबांना फोनवर हे नाव सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडं रोजच हाय की ते मशीनवर."

म्हणजे भांडण असं होतं. वुडवर्ड म्हणतो, विकायला काढलं की शिकणं मरतं. वूस्टरवाले म्हणतात, कुणाला नकोच असलेली वस्तू करून हात तयार होईल, पण जबाबदारी कुठून येणार? मधला मार्ग स्वीडनच्या नेस गावी ऑटो सालोमनने काढला होता. त्याच्या 'स्लॉइड' पद्धतीत मालिका क्रमानेच, सोप्याकडून अवघडाकडे, पण प्रत्येक पायरीला तयार होणारी वस्तू घरात वापरता येईल अशी. चमचा, हत्याराचा दांडा असलं काहीतरी. पोरगं ती घरी नेऊन आईला देणार आणि आई रोज वापरणार. ह्याहून कडक परीक्षक कुठला?

आता आपल्याकडे येऊ.

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. आधी भायखळ्याला, १९२३ पासून माटुंग्याला, आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंच्या नावाने. थोडक्यात आपलं व्हीजेटीआय. तिथे सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मराठी शिक्षक होता. चित्रकार व्हायला म्हणून जे. जे. स्कूलला आला होता, पण काही रंग ओळखू येत नाहीत असं निघालं, म्हणून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळला. बढतीच्या वेळी त्याला डावललं गेलं, आणि त्याने नोकरी सोडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

पुढची गोष्ट मराठी माणसाला ठाऊक आहे. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की तिथली माणसं कॉलेजातून आलेली नव्हती. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. मॅट्रिक नापास कुलकर्णी व्यवस्थापक झाले. म्हणजे डेला-व्होसचं दुसरं वर्कशॉप, पहिल्याशिवाय! ते चाललं, कारण वर लक्ष्मणरावांसारखा एक माणूस होता जो स्वतः शिक्षक होता. प्रत्येक कारखान्याला तो मिळत नाही.

दुसरी मोठी चर्चा झाली वर्ध्याला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हस्तोद्योग. सूतकताई, शेती, सुतारकाम. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा ही त्यातली सगळ्यात वादाची गोष्ट. टीका झाली ती जवळपास वुडवर्डच्याच शब्दांत. ही शाळा की कारखाना? मूल शिकेल की मजुरी करेल? सेंट लुईस आणि वर्धा, मध्ये अर्धं जग आणि अर्धं शतक, आणि प्रश्न तोच.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तीच आपली आयटीआय. आणि १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा झाला. ह्या दोन तारखा वाचल्या आणि मी बाबांना पुन्हा फोन लावला. त्यांनी आयटीआयला काय काय केलं ते पहिल्यांदाच नीट विचारलं. (लाज वाटते लिहायला, पण पहिल्यांदाच.)

"पहिला महिना नुसती कानस रे. मास्तर गुण्या लावायचे, उजेड दिसला की फेकून द्यायचे. हाताला फोड यायचे. आमी शिव्या द्यायचो त्यांना."

"आणि मग?"

"मग दोन वर्षांनी कारखान्यात अप्रेंटिस. तिथं कळलं मास्तर कशापायी फेकत हुते. पयल्या आठवड्यात माझ्या हातनं एका गिऱ्हाइकाचा पार्ट वाया गेला. फोरमन कायबी बोलला न्हाई. मला गिऱ्हाइकासमोर न्हेऊन उभा केला. म्हणाला, तूच सांग ह्यास्नी."

मी गप्पच झालो. आधी पायरी-पायरीने सराव आणि मग खरं काम, खरं गिऱ्हाईक. मॉस्कोची शाळा दोन्ही अर्ध्यांसकट माझ्या घरात जेवत होती आणि मी ती इतिहासात शोधत बसलो होतो.

आम्हा पदवीवाल्यांना मात्र पहिला अर्धाच मिळाला. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमातही पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आहे, आणि असायलाच हवं. पण माझ्यापुरतं सांगतो, तो जॉब मी विकत का घेऊ शकलो? कारण तो कुणालाच नको होता. सरांना नको होता, त्यांना रजिस्टरमध्ये टिक हवी होती. मला नको होता, मला मार्क हवे होते. आणि त्यानंतर असं कुठलंच काम येणार नव्हतं जिथे माझा डुलणारा हात उघडा पडेल. पुढचं वर्कशॉपच नव्हतं. बाबांच्या वर्गात कुणी जॉब विकत घेतला असता तर वर्ष-दोन वर्षांत कारखान्यात पकडला गेला असता. मला पकडणारं एकच माणूस होतं, आणि ते घरी होतं.

लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमचंही तेच. जगात कुठल्याही लायब्ररीला ती नको होती. मग त्या नऊ जणांनी ती एकमेकांकडून उचलली तर चिडण्याचा मला काय अधिकार?

उलट टोकही मी बघितलंय. माझ्या पहिल्या नोकरीत ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं, दुसऱ्या दिवसापासून थेट क्लायंटच्या कामावर. डेडलाइन डोक्यावर, सीनियरला वेळ नाही. मी काय शिकलो? जिथे कोड चालतोय तिथून उचलून इथे चिकटवायचा. दोन वर्षं मी तेवढंच करत होतो आणि त्याला अनुभव म्हणत होतो. बिजागऱ्याच बिजागऱ्या. पायाचे धडे नंतर रात्री जागून स्वतःच गिरवावे लागले.

त्यामुळे ह्या वर्षीच्या बॅचला मी असं केलं. पहिले तीन आठवडे छोटे सराव, एकेक गोष्ट सुटी करून. नुसतं लॉग वाचून चूक कुठे आहे ते सांगणं. नुसती टेस्ट लिहिणं. दुसऱ्याचा कोड वाचून तो काय करतो ते कागदावर लिहिणं. एक नीट जमल्याशिवाय पुढचा नाही, आणि मीही त्यांच्यासमोर बसून करून दाखवणार. (दोनदा माझंच चुकलं, पोरं खूश!) चौथ्या आठवड्यापासून लायब्ररी बंद. आमच्या सपोर्ट टीमकडे पडून असलेले खरे, छोटे, कुणाचं फार नुकसान होणार नाही असे दोष प्रत्येकाला एक-एक. अट एकच. दुरुस्त केल्यावर ज्याने तक्रार केली होती त्याला स्वतः फोन करून सांगायचं.

मॅनेजरला हे पटवताना दोन मीटिंगा गेल्या. खर्च जास्त आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. माझा जवळजवळ अर्धा दिवस ह्यातच जायचा आणि दोन दोष पोरांनी दुरुस्त करताना आणखी बिघडवले. पण एक मुलगी, जी पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यात मागे होती, ती फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, त्या ताई चार महिने तो आकडा रोज हाताने दुरुस्त करत होत्या." तिच्या तोंडावर जे होतं ते मला लायब्ररीवाल्या बाराही जणांत दिसलं नव्हतं. दहा-अकरा जणांच्या बॅचवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मलाही कळतं. पण ह्या वेळी कुणी कुणाचं कॉपी केलं नाही. करणार काय, प्रत्येकाचं गिऱ्हाईकच वेगळं!

असो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांबरोबर उद्यमनगरात गेलो. सुट्टी असल्याने शॉप रिकामं होतं. मी एक भंगारातली पट्टी घेतली, वाईसला लावली आणि मेल-फीमेल जॉब करायला बसलो. तास-दीड तास घासलं. तळहाताला फोड आला, कीबोर्डवाले हात. जीभ खाचेत गेली तर खरी, पण हलत होती.

बाबांनी उचलून खिडकीकडे धरली, अंगठा फिरवला.

"फुगवटा हाय," म्हणाले आणि पट्टी परत माझ्या हातात दिली. "लाव वाईसला. कानस आडवी धर जरा, आन् पाय लांब टाक."